डीआरजीत अँटीबॉडी छान चालते, पण नॉकआउटमध्येही तशीच चालते: कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचं

तक्रार साधारण अशी असते. उंदराच्या डॉर्सल रूट गँग्लिऑनचे (मेरुरज्जूशेजारच्या संवेदी न्यूरॉनच्या गाठीचे), म्हणजे डीआरजीचे, सेक्शन कापले, एखाद्या आयन चॅनेलविरुद्धची अँटीबॉडी लावली, लहान न्यूरॉन लखलखले आणि मोठे काळे राहिले. चित्र थेट लेखात छापावं असं. मग कुठूनतरी नॉकआउट, म्हणजे त्या चॅनेलचा जनुकच काढलेल्या, उंदराचे सेक्शन मिळतात, तीच अँटीबॉडी लावली जाते आणि तेच लहान न्यूरॉन तितकेच लखलखतात. कधी हीच तक्रार दुसऱ्या रूपात येते. जुन्या कुपीने चाललेलं स्टेनिंग नव्या कुपीने वेगळंच दिसतं. ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीत) बँड येतो, पण अपेक्षित वजनाच्या वीस-तीस किलोडाल्टन खाली. किंवा नस कापलेल्या बाजूला प्रथिन दुप्पट वाढल्यासारखं दिसतं आणि आरएनए मात्र जागचा हलत नाही.

अशा वेळी बहुतेक जण आधी डायल्युशन बदलतात, मग ब्लॉकिंग वाढवतात, मग नवी अँटीबॉडी मागवतात. माझं म्हणणं एवढंच आहे की या तिन्ही गोष्टींआधी तो उजेड नक्की कुणाचा आहे हे ठरवा. ऊतकाचा स्वतःचा, सेकंडरीचा, प्रायमरीचा पण भलत्याच प्रथिनावरचा, की खरोखर तुमच्या प्रथिनाचा? (प्रायमरी म्हणजे प्रथिनाला धरणारी अँटीबॉडी, सेकंडरी म्हणजे प्रायमरीला धरून चमक देणारी दुसरी.) हे चार प्रश्न याच क्रमाने विचारले तर बराचसा गोंधळ पहिल्या दोन पायऱ्यांवरच सुटतो, आणि त्या पायऱ्यांना पैसे जवळपास लागत नाहीत.

डीआरजी एवढं फसवं का?

मेंदूच्या सेक्शनमध्ये चिकट अँटीबॉडी सगळीकडे सारखं धुकं पसरवते, आणि धुकं दिसलं की माणूस सावध होतो. डीआरजीत तसं होत नाही. इथले न्यूरॉन आकाराने, साइटोप्लाझमच्या घनतेने आणि रसायनाने मुळातच इतके वेगवेगळे आहेत की नुसता चिकटपणासुद्धा त्यांची वर्गवारी करून दाखवतो. साध्या हिस्टॉलॉजीच्या रंगांनी रंगवलं तरी डीआरजीत ‘मोठे फिके’ आणि ‘लहान गडद’ असे दोन गट दिसतात. त्या रंगांना कुठल्याही चॅनेलशी काही देणंघेणं नाही. आता वेदना वाहून नेणारे न्यूरॉन बहुतांशी लहानच असतात. म्हणजे टीआरपीव्ही१ची (कॅप्सेसिनला प्रतिसाद देणाऱ्या, वेदनेच्या न्यूरॉनमधल्या चॅनेलची) चांगली अँटीबॉडी जे चित्र देईल, जवळपास तेच चित्र एखादी वाईट अँटीबॉडीही देऊ शकते. ‘काही पेशी उजळल्या, काही नाही, म्हणजे अँटीबॉडी विशिष्ट आहे’ हा युक्तिवाद डीआरजीत बाद समजा.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण डेल्टा ओपिऑइड रिसेप्टरचं आहे. १९९०च्या दशकापासून पेप्टाइडविरुद्ध, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याविरुद्ध, बनवलेल्या अँटीबॉडींच्या आधारे असं मानलं जाई की हा रिसेप्टर सबस्टन्स पी हे वेदनेशी संबंधित पेप्टाइड असलेल्या लहान न्यूरॉनमध्ये असतो, म्यू रिसेप्टरच्या शेजारीच. त्यावर पुढे बरंच काही उभं राहिलं. २००९ साली ग्रेगरी शेरेर आणि सहकाऱ्यांनी ‘सेल’मध्ये दाखवलं की रिसेप्टरलाच हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेल्या नॉक-इन उंदरात तो मुख्यतः वेगळ्याच न्यूरॉनमध्ये दिसतो, मायलिनवाल्या आणि पेप्टाइड नसलेल्या. तोवर सर्रास वापरली जाणारी अँटीबॉडी त्यांनी रिसेप्टरचा जनुकच नसलेल्या उंदरात लावली, तर तिचा सिग्नल तसाच होता. वाद तिथे मिटला नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दोन्ही रिसेप्टर एकाच पेशीत असतात असा पुरावा मांडला, आणि नॉक-इनमध्ये जोडलेलं शेपूट रिसेप्टरची जागा बदलतं का यावरही चर्चा झाली. कोण किती बरोबर हा स्वतंत्र विषय आहे. इथे घ्यायचं ते इतकंच की नॉकआउटमध्ये न मावळणारी अँटीबॉडी त्या वादात कुणाच्याच बाजूने साक्ष देऊ शकत नव्हती.

ती एकटी नव्हती. त्याच २००९ साली जी-प्रोटीनशी जोडलेल्या रिसेप्टरांच्या अँटीबॉडींवर औषधशास्त्राच्या एका जुन्या जर्मन नियतकालिकात एकापाठोपाठ एक लेख आले. गॅलॅनिनच्या दोन रिसेप्टरांच्या अँटीबॉडी नॉकआउटमध्ये तसंच स्टेनिंग देताना सापडल्या. मूत्राशयाच्या आतल्या थरात टीआरपीव्ही१ आहे की नाही या प्रश्नातही तेच निघालं.

पहिली पायरी: काहीही न लावलेला सेक्शन

एक सेक्शन तसाच ठेवा. प्रायमरी नाही, सेकंडरी नाही, फक्त बफर आणि माउंटिंग मीडियम. बाकीच्या स्लाइड ज्या एक्सपोजरवर पाहिल्या त्याच एक्सपोजरवर हाही पाहा. ‘ऑटो’ एक्सपोजर बंद करा, नाहीतर कॅमेरा काळोखालाही उजळ करून दाखवेल.

न्यूरॉनमध्ये केंद्रकाच्या एका बाजूला दाणेदार, पिवळसर, तिन्ही-चारही फिल्टरमध्ये एकाच जागी दिसणारं काही असेल तर ते लिपोफसिन आहे. वयाबरोबर ते वाढतं. सहा-आठ आठवड्यांच्या उंदरात फारसा त्रास होत नाही, म्हाताऱ्या उंदरात होतो. मृत्यूनंतर दान केलेल्या मानवी डीआरजीत तर कित्येक न्यूरॉनचा मोठा भाग त्यानेच भरलेला असतो. मानवी ऊतकावर काम करणाऱ्यांनी ही पायरी टाळली तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

उपाय दोन. स्टेनिंग झाल्यावर सत्तर टक्के इथेनॉलमधला सुदान ब्लॅक बी लावा. नंतर डिटर्जंट असलेल्या बफरने धुऊ नका, तो सुदान ब्लॅक काढून टाकतो. हा रंग लांब तरंगलांबीच्या लाल चॅनेलमध्ये (इथे चॅनेल म्हणजे सूक्ष्मदर्शकाचा फिल्टर, आयन चॅनेल नव्हे) स्वतःची थोडी चमक आणतो, म्हणून महत्त्वाचा सिग्नल त्याच चॅनेलमध्ये असेल तर आधी वेगळी चाचणी घ्या. दुसरा उपाय म्हणजे तिन्ही चॅनेलमध्ये एकाच जागी दिसणारं सगळं मोजणीतून वगळणं. हा प्रामाणिक उपाय आहे, फक्त कंटाळवाणा.

चमक दाणेदार नसून सगळीकडे सारखी असेल तर ती फिक्सेटिव्हमधल्या अल्डिहाइडची असण्याची शक्यता जास्त. ग्लायसिनने धुतल्यावर ती बरीच कमी होते. गोलगोल लहान तबकड्या दिसत असतील तर त्या तांबड्या रक्तपेशी आहेत आणि तुमचं परफ्यूजन (रक्तवाहिन्यांतून द्रावण सोडून रक्त धुऊन काढणं) नीट झालेलं नाही.

दुसरी पायरी: नुसती सेकंडरी

हा कंट्रोल सगळेच करतात, पण निरोगी बाजूवर करतात. अडचण नेमकी तिथेच आहे.

डीआरजीभोवती मेंदूसारखी भक्कम अडसर-भिंत नसते. त्याच्या केशवाहिन्या झिरपतात, त्यामुळे रक्तातली इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्राण्याच्या स्वतःच्या अँटीबॉडी (मुख्यतः आयजीजी), ऊतकात सहज येऊन बसतात. उंदराच्या ऊतकावर उंदरातच बनवलेली मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून आलेली) अँटीबॉडी लावली, तर उंदीरविरोधी सेकंडरी तुमच्या प्रायमरीबरोबर या घरच्या आयजीजीलाही धरते. त्यात नस कापली किंवा दाबली की डीआरजीत मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, गोळा होतात. त्यांच्या अंगावर एफसी रिसेप्टर असतात आणि ते कुठल्याही अँटीबॉडीचं शेपूट पकडू शकतात. म्हणजे जखमी बाजूला सिग्नल वाढलेला दिसतो आणि तुमच्या प्रथिनाचा त्याच्याशी संबंध नसू शकतो. ‘इजा झाल्यावर प्रथिन वाढलं’ असं लिहायचं असेल तर नुसत्या सेकंडरीचा कंट्रोल जखमी बाजूच्या सेक्शनवरही हवा. निरोगी बाजूचा कंट्रोल या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

उपाय साधे आहेत. नीट परफ्यूजन करा. उंदरावर उंदराची अँटीबॉडी टाळता येत नसेल तर आधी एकभुजी फॅब तुकड्यांनी घरची आयजीजी झाका, किंवा प्रायमरी ज्या उपवर्गाची आहे फक्त त्याच उपवर्गाला धरणारी सेकंडरी घ्या. त्याहून बरं म्हणजे सशातली किंवा रिकॉम्बिनंट (माहीत असलेल्या जनुक-क्रमावरून बनवलेली) प्रायमरी शोधणं. दोन-तीन प्रायमरी एकत्र लावत असाल तर इतर प्राण्यांच्या आयजीजीवर शोषून स्वच्छ केलेल्याच सेकंडरी वापरा, आणि प्रत्येक सेकंडरी चुकीच्या प्रायमरीबरोबर एकदा लावून पाहा.

शेळीची प्रायमरी वापरणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे. शेळीविरोधी सेकंडरी गाईच्या आयजीजीलाही धरते. ब्लॉकिंगमध्ये शेळीचं सीरम नको हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण साधं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) आणि पेशींच्या मीडियममधलं गाईचं सीरम विसरलं जातं. स्वस्त बीएसएमध्ये गाईची आयजीजी उरलेली असते. इथे गाढवाचं सीरम वापरा.

बायोटिन-अ‍ॅव्हिडिन पद्धत अजून काही प्रयोगशाळांत सवयीने चालू आहे. मायटोकॉन्ड्रियातल्या कार्बोक्सिलेज एन्झाइमांना बायोटिन जोडलेलंच असतं, आणि डीआरजीचे न्यूरॉन मायटोकॉन्ड्रियांनी भरलेले असतात. अ‍ॅव्हिडिन थेट त्यांनाच धरतं. आधी बायोटिन ब्लॉक करा, नाहीतर ही पद्धत सोडा. पेरॉक्सिडेज वापरत असाल तर हायड्रोजन पेरॉक्साइडने ऊतकातलं पेरॉक्सिडेज आधी संपवा, आणि पेरॉक्सिडेज जोडलेली अँटीबॉडी सोडियम अ‍ॅझाइड असलेल्या द्रावणात कधीही पातळ करू नका. अ‍ॅझाइड एन्झाइमच बंद पाडतं, मग ‘अँटीबॉडी मेली’ म्हणून नवी मागवली जाते.

जाता जाता आयबी४बद्दल, जिने पेप्टाइड नसलेले लहान न्यूरॉन ओळखतात. ती अँटीबॉडी नाही, लेक्टिन, म्हणजे साखरेला चिकटणारं प्रथिन, आहे, आणि बांधायला तिला कॅल्शियम लागतं. कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या ईडीटीएच्या बफरमध्ये ती रुसते. शिवाय ती रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी आणि मायक्रोग्लियाही धरते. दिसली ती प्रत्येक आयबी४ चमक न्यूरॉनची नसते.

तिसरी पायरी, जिथे बहुतेक अँटीबॉडी अडकतात

पहिले दोन कंट्रोल स्वच्छ निघाले म्हणजे प्रायमरी काहीतरी धरते आहे. काय धरते, हा प्रश्न उरतो.

पेप्टाइड ब्लॉकपासून सुरुवात करतो, कारण त्याच्यावर सर्वांत जास्त चुकीचा विश्वास आहे. ज्या पेप्टाइडविरुद्ध अँटीबॉडी बनवली ते आधी तिच्यात मिसळायचं आणि सिग्नल नाहीसा होतो का पाहायचं, ही ती पद्धत. अँटीबॉडीचे हात पेप्टाइडने भरले की ती कशालाच धरू शकत नाही, खऱ्या प्रथिनालाही नाही आणि भलत्यालाही नाही. भलत्या प्रथिनावर तसाच पाच-सहा अमिनो आम्लांचा तुकडा असेल तर तिथला सिग्नलही ब्लॉकने पुसला जाणारच. अँटीबॉडी आपलं पेप्टाइड ओळखते, एवढंच या चाचणीतून कळतं, आणि ते विकणाऱ्यालाही माहीत होतं. ‘जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी’चे तेव्हाचे संपादक क्लिफर्ड सेपर यांनी २००५ साली वाचकांना उघड पत्र लिहून अँटीबॉडींच्या वापराबद्दल कडक अपेक्षा मांडल्या होत्या. तरी वीस वर्षांनंतर अजूनही ‘पेप्टाइडने ब्लॉक झाली’ एवढ्या एका वाक्यावर लेख निघतात.

खरा कसोटीचा दगड नॉकआउट. तो वापरतानाही काही गोष्टी पाहाव्या लागतात. जनुकाचा कोणता भाग काढला आहे ते मूळ लेखात वाचा. पुष्कळ नॉकआउटमध्ये मधला एखादा एक्झॉन उडवलेला असतो आणि सुरुवातीचा तुकडा बनत राहू शकतो. तुमची अँटीबॉडी त्या सुरुवातीच्या टोकाविरुद्ध असेल तर उरलेला सिग्नल अँटीबॉडीचा दोष नसेलही. अशा वेळी दुसऱ्या टोकाविरुद्धची अँटीबॉडी लावून दोन्हींची तुलना करा.

दुसरं, काही नॉकआउट प्रौढ होतच नाहीत. नॅव्ह १.७ हा सोडियम चॅनेल पूर्णपणे काढलेले उंदीर सामान्यतः जन्मानंतर लगेच मरतात, स्पर्श जाणणारा पिएझो२ चॅनेल नसलेलेही. म्हणून प्रौढ उंदरात कंडिशनल नॉकआउट (ठरावीक पेशींतूनच जनुक काढलेले) वापरतात, आणि तिथे कोणता क्री (ठरावीक पेशींत जनुक कापणारं एन्झाइम) वापरला यावर सगळं अवलंबून आहे. नॅव्ह १.८-क्रीने चॅनेल फक्त नॅव्ह १.८ असलेल्या न्यूरॉनमधून जातो. उरलेल्या न्यूरॉनमध्ये आणि त्यांना वेढणाऱ्या सॅटेलाइट ग्लिया पेशींत तो राहणारच. तिथे ‘सिग्नल शून्य व्हायला हवा’ अशी अपेक्षा चुकीची. कोणत्या पेशींत मावळला आणि कोणत्यांत राहिला ही विभागणी बरोबर येते का ते पाहायचं. खरं तर ही साध्या नॉकआउटपेक्षा कठीण परीक्षा आहे, कारण पास व्हायला अँटीबॉडीने एकाच सेक्शनमध्ये होकार आणि नकार दोन्ही द्यावे लागतात.

जंगली प्रकार, म्हणजे जनुक शाबूत असलेले उंदीर, आणि नॉकआउट यांचे सेक्शन एकाच स्लाइडवर शेजारी ठेवा, एकाच थेंबाखाली. वेगळ्या दिवशी केलेल्या दोन स्लाइडांची तुलना मी मानत नाही.

भारतात काम करणाऱ्यांची इथे खरी अडचण असते. नॉकआउट उंदीर परदेशातून आणून वसाहत वाढवायची म्हणजे वेळ, जागा, परवानग्या आणि पैसा, आणि हे सगळं एका अँटीबॉडीच्या खात्रीसाठी. जिवंत उंदीर मागू नका. ज्या गटाकडे ते आहेत त्यांना फिक्स केलेले डीआरजी किंवा कापलेले सेक्शन मागा, सोबत जंगली प्रकारची भावंडंही. बहुतेक गट देतात, कारण त्यांनाही तुमची अँटीबॉडी चालते की नाही हे जाणून घ्यायचं असतं. मागताना फिक्सेशन कसं केलं ते विचारा आणि आपलं ऊतक तसंच फिक्स करा.

नॉकआउट अजिबात मिळत नसेल तर? मग एका मोठ्या पुराव्याऐवजी तीन-चार मध्यम पुरावे जमवावे लागतात. २०१६ साली ‘नेचर मेथड्स’मध्ये एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने पाच मार्ग मांडले: जनुक काढून किंवा दाबून पाहणं, अँटीबॉडीवर अवलंबून नसलेल्या पद्धतीशी ताळा, वेगळ्या एपिटोपची (प्रथिनाच्या ज्या भागाला अँटीबॉडी धरते त्याची) स्वतंत्र अँटीबॉडी, टॅग लावलेलं प्रथिन, आणि इम्युनोप्रेसिपिटेशननंतर मास स्पेक्ट्रोमेट्री. डीआरजीच्या बाबतीत मला त्यातला आरएनएशी ताळा सर्वांत उपयोगी वाटतो. त्याच सेक्शनवर इन-सिटू हायब्रिडायझेशन (आरएनए पेशीतच दाखवणारी पद्धत) करा आणि पेशीमागून पेशी जुळवा. टक्केवारी जुळली म्हणून समाधान मानू नका. चाळीस टक्के न्यूरॉन आरएनएवाले आणि चाळीस टक्के अँटीबॉडीवाले असले तरी ते वेगवेगळे चाळीस टक्के असू शकतात. मेरुरज्जूच्या मागच्या शिंगात मात्र हा ताळा चालत नाही, कारण तिथलं पुष्कळसं प्रथिन डीआरजीतून अ‍ॅक्सॉनवाटे येतं आणि आरएनए मागे पेशीतच राहतो. तिथे नसेचं मागचं मूळ कापून काही दिवसांनी सिग्नल जातो का ते पाहावं.

हेक पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत) चॅनेल भरपूर बनवून त्यावर अँटीबॉडी लावणं आवश्यक आहे, पुरेसं नाही. भरपूर असेल तिथे वाईट अँटीबॉडीही चालते. ही चाचणी खरी कामाची होते ती भावंडांवर: टीआरपीव्ही१बरोबर टीआरपीव्ही२, ३ आणि ४ वेगवेगळ्या पेशींत, किंवा नॅव्ह १.७बरोबर १.६, १.८ आणि १.९. सोडियम चॅनेल एकमेकांसारखे इतके आहेत की याशिवाय ‘नॅव्ह १.७’ हे नाव लिहिणंच धाडसाचं आहे.

रेसिनिफेराटॉक्सिन किंवा कॅप्सेसिनने टीआरपीव्ही१वाले न्यूरॉन मारून सिग्नल जातो हे दाखवणारे लेख दिसतात. पेशीच मारल्या तर त्या पेशींतलं सगळंच जाणार, तुमच्या अँटीबॉडीचं भलतं लक्ष्यही. सिग्नल कोणत्या पेशींत होता हे त्यावरून कळतं. कोणत्या प्रथिनाचा होता हे नाही.

प्राण्याची जातही विसरू नका. प्रौढ उंदरात टीआरपीव्ही१ बहुतांशी पेप्टाइडवाल्या न्यूरॉनमध्ये असतो आणि आयबी४वाल्यांत फारच थोडा. मोठ्या उंदरात, म्हणजे रॅटमध्ये, दोन्हींची सरमिसळ बरीच जास्त. माणसात टीआरपीव्ही१ त्याहून अधिक न्यूरॉनमध्ये पसरलेला. रॅटवरचा जुना लेख समोर ठेवून माऊसचं स्टेनिंग ‘चुकलं’ असं ठरवू नका.

ब्लॉटवरचा भलता बँड

पेशीच्या पडद्यातून आरपार जाणारे बरेच चॅनेल पंचाण्णव अंशांवर उकळले की एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि जेलच्या तोंडाशीच अडकतात. मग खाली जो बँड दिसतो तो कुणा भलत्याचा असतो आणि वरचा खरा माल कुणी पाहत नाही. नमुना सदतीस अंशांवर अर्धा तास ठेवून पाहा, आणि शेजारच्या लेनमध्ये उकळलेला घाला. टीआरपीव्ही१ सुमारे पंचाण्णव किलोडाल्टनचा आहे, साखर लागलेलं रूप त्याच्या किंचित वर येतं. पीएनजेस-एफ एन्झाइमने साखर काढल्यावर वरचा बँड खाली उतरला तर ते प्रथिन निदान साखर लागणारं आहे हे कळतं. नॅव्ह १.७ दोनशे किलोडाल्टनच्या वर आहे. त्याला कमी टक्क्यांचं जेल आणि लांब ट्रान्सफर लागतो, नाहीतर तो ब्लॉटच्या पडद्यावर पोचतच नाही.

उंदराच्या ऊतकावर उंदराची अँटीबॉडी लावून पन्नास आणि पंचवीस किलोडाल्टनला ठसठशीत बँड आले, तर त्या आयजीजीच्या जड आणि हलक्या साखळ्या आहेत. पुन्हा परफ्यूजन.

ब्लॉटवर पास झालेली अँटीबॉडी सेक्शनवर पास होईलच असं नाही. ब्लॉटवर प्रथिन उलगडलेलं असतं, सेक्शनवर फिक्स होऊन गुंतलेलं. उलटही घडतं. प्रत्येक वापरासाठी खात्री वेगळी.

उलट तक्रार: नॉकआउट स्वच्छ, पण खरा सिग्नलही फिका

ही दुर्मीळ आणि सुखाची अडचण. बहुधा फिक्सेशनने एपिटोप झाकला गेलेला असतो. सोडियम चॅनेल यात फार हळवे: चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये रात्रभर ठेवलेल्या ऊतकात ते जवळपास दिसेनासे होतात. एक-दोन टक्के, थोडा वेळ, किंवा ताजं गोठवलेलं ऊतक कापून मग काही मिनिटं फिक्स करणं, हे आधी करून पाहा. उष्णतेने एपिटोप उघडायचा तर डीआरजीचे बारीक सेक्शन स्लाइडवरून सुटून वाहत जातात. चार्ज केलेल्या स्लाइड घ्या आणि आधी रात्रभर वाळू द्या.

कडं दिसलं म्हणजे पडदा नव्हे

प्रत्येक डीआरजी न्यूरॉनला सॅटेलाइट ग्लियाचं आवरण असतं आणि दोघांमधली फट सुमारे वीस नॅनोमीटर. साधा प्रकाश सूक्ष्मदर्शक दोनशे नॅनोमीटरच्या आसपासच थांबतो. तेव्हा न्यूरॉनभोवती सुरेख कडं दिसलं तर चॅनेल न्यूरॉनच्या पडद्यावर आहे, ग्लियात आहे की दोन्हींत, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही. ग्लियाची खूण असलेलं ग्लुटामाइन सिंथेटेज सोबत रंगवलं तरी नाही. ग्लिया नसलेल्या कल्चरमध्ये, पडदा न फोडता, बाहेरच्या एपिटोपची अँटीबॉडी जिवंत पेशींवर लावून पाहा. किंवा न्यूरॉनपुरता कंडिशनल नॉकआउट. नाहीतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. उलट, पेशीभर पसरलेला सिग्नल पाहून निराश होऊ नका. चॅनेल तिथेच बनतो, तो आत दिसणारच.

कुपी बदलली, चित्र बदललं

पॉलिक्लोनल म्हणजे एका विशिष्ट प्राण्याचं रक्त. तो प्राणी गेला की तीच कॅटलॉग संख्या दुसऱ्या प्राण्याच्या रक्तावर चिकटते. त्यामुळे लॉट क्रमांक टिपणं ही किमान शिस्त आहे, आणि नव्या लॉटवर तिसऱ्या पायरीची चाचणी पुन्हा करायची, कुरकुर न करता. २०१५ साली अँड्र्यू ब्रॅडबरी आणि अँड्रिआस प्लुकथुन यांनी ‘नेचर’मध्ये ज्यांचा क्रम माहीत आहे अशा रिकॉम्बिनंट अँटीबॉडींचा आग्रह धरला होता. २०२३ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटाच्या पुढाकाराने पासष्ट प्रथिनांविरुद्धच्या ६१४ अँटीबॉडी नॉकआउट पेशींवर एकत्र तपासल्या गेल्या. रिकॉम्बिनंट बाकीच्यांहून सरस ठरल्या, आणि प्रत्येक प्रथिनामागे सरासरी डझनभर लेख असे निघाले की ज्यांतली अँटीबॉडी लक्ष्य ओळखतच नव्हती.

क्रम माहीत असण्याचा दुसरा फायदाही आहे. २०१४ साली नॅव्ह १.७च्या व्होल्टेज-संवेदकावर बसून उंदरांत वेदना आणि खाज कमी करणारी एक मोनोक्लोनल जाहीर झाली. २०१६ साली दुसऱ्या गटाने तिचं रिकॉम्बिनंट रूप बनवून तपासलं, तर तो परिणाम दिसला नाही. पुढे मूळ बाजूनेही उत्तर दिलं. पण असा खंडन-मंडनाचा व्यवहार होऊ शकला तो दोघांच्या हातात एकाच रेणूचा क्रम होता म्हणून. सशाच्या संपलेल्या रक्ताबद्दल कुणी काय वाद घालणार?

कुपी आली की लगेच छोट्या भागांत विभागून गोठवा. पुन्हा पुन्हा वितळवू नका. मे महिन्यात माल विमानतळावर अडकला असेल आणि बर्फ वितळून आला असेल, तर जुन्या लॉटच्या शेजारी एकाच स्लाइडवर लावून मगच वापरात घ्या. लेखात कॅटलॉग संख्या, लॉट आणि आरआरआयडी (संशोधन-साहित्याचा ओळख क्रमांक) लिहा.

काहीच जमलं नाही तर

काही प्रथिनांसाठी आजमितीला डीआरजीत चालणारी अँटीबॉडी नाही, हे मान्य करून पुढे जावं लागतं. नॉक-इन टॅग असलेला उंदीर उपलब्ध असेल तर टॅगच्या अँटीबॉडीला जंगली प्रकार हाच आयता नकारात्मक कंट्रोल मिळतो. तो नसेल तर प्रथिनाऐवजी आरएनए आणि कार्य हे दोन दाखवा. टीआरपीव्ही१साठी हे सोपं आहे: खुणांच्या कव्हरस्लिपवर न्यूरॉन वाढवा, कॅप्सेसिन देऊन कॅल्शियम वाढतं का ते चित्रित करा, मग त्याच पेशी फिक्स करून संशयित अँटीबॉडी लावा आणि खुणांवरून एकेक पेशी जुळवा. कॅप्सेसिनला प्रतिसाद न देणाऱ्या पेशी अँटीबॉडीने उजळल्या तर लगेच निकाल देऊ नका. चॅनेल आत असून पडद्यावर नसू शकतो. पण प्रतिसाद देणाऱ्या पेशी काळ्या राहिल्या, तर ती कुपी परत करायला निघा.